कॉलेजची नवी इमारत: नकाशा मंजुरीला जाण्याआधी गावाला दाखवा

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावातलं कला-वाणिज्य महाविद्यालय, अकराशेच्या आसपास विद्यार्थी, यंदापासून विज्ञान शाखा. संस्थेने वर्धापनदिनी गेटवर तीन मजली नव्या इमारतीचं रंगीत चित्र लावलं. चित्राखाली खर्च नाही, जागा नाही, तारीख नाही. तेव्हापासून गावात बोललं जातंय की मैदान जाणार, जुनी कौलारू इमारत पाडणार आणि फी वाढणार. तुम्ही महाविद्यालय विकास समितीवर शिक्षकांमधून निवडून आलेल्या सदस्य आहात. पुढच्या बैठकीत आराखडा येतोय. त्यात काय बघायचं, आणि लोकांना काय व कधी सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी वास्तुविशारद आहे. सांगली, सातारा, सोलापूर भागातल्या लहान कॉलेजांची कामं गेली बरीच वर्षं करतो. माझ्या मते तुम्ही दोन प्रश्न विचारलेले नाहीत, एकच विचारलाय. लोकांना सांगणं हे इमारत ठरल्यानंतरचं प्रसिद्धीचं काम नाही. ते आराखड्याचंच काम आहे आणि ते नकाशा पेन्सिलीत असतानाच करायचं असतं. नकाशा मंजूर होऊन आला की त्यात बदल करायला पुन्हा फी, पुन्हा चकरा आणि पुन्हा महिने जातात. मग सगळेच म्हणतात, 'आता राहू द्या.' जी माणसं रोज तिथे वावरतात, त्यांना माहीत असलेल्या गोष्टी कुठल्याच कागदावर नसतात. त्या वेळेत नकाशात आल्या पाहिजेत.

आधी तुमच्या अधिकाराबद्दल, कारण प्रश्नात तुम्ही जरा बिचकत लिहिलंय. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 97 प्रमाणे ही समिती असते. पूर्वीच्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी ती आली. महाविद्यालयाचा सर्वंकष विकास आराखडा तयार करणं हे तिचं कर्तव्य कायद्यातच लिहिलेलं आहे, आणि त्यात शैक्षणिक व प्रशासकीय बाबींबरोबर पायाभूत सुविधाही येतात. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. समितीत शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, स्थानिक सदस्यांत किमान एक माजी विद्यार्थी असतो, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव असतात. तुमच्याकडे विद्यार्थी परिषद अस्तित्वात नसेल, तर वर्गप्रतिनिधींना निमंत्रित म्हणून बोलवा. आराखडा 'माहितीस्तव' म्हणून नाही, 'चर्चा व शिफारशीसाठी' म्हणून विषयपत्रिकेवर घ्यायला प्राचार्यांना लेखी सांगा. आराखडा तयार करणं समितीचंच काम असल्यामुळे हे मागताना संकोच नको.

आता कागदपत्रं. मी चित्राआधी सातबारा बघतो. लहान कॉलेजांची जमीन बहुतेक वेळा कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी दिलेली असते. बक्षीसपत्र झालेलं असतं, पण फेरफार झालेला नसतो आणि सातबाऱ्यावर अजून देणाऱ्याच्या वारसांची नावं असतात. कधी बक्षीसपत्रातच अट असते की अमुक गट फक्त क्रीडांगणासाठी वापरावा. ती अट कुणाच्या लक्षात नसते, आणि पाया खणल्यावर वारस आक्षेप घेतात. तेव्हा मूळ दस्त कपाटातून काढून वाचा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून 'हद्द कायम' मोजणी, म्हणजे हद्द नेमकी कुठे आहे ते ठरवणारी मोजणी, करून घ्या. कुंपण जिथे आहे तिथेच हद्द आहे असं गृहीत धरू नका. जमीन अकृषिक झाली आहे का, ते बघा. इमारतीसाठी संस्था कर्ज काढणार असेल किंवा जमीन तारण ठेवणार असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी आधीच घ्यायची असते, नंतर मिळेल असं धरून चालू नका.

यानंतर खरा प्रश्न येतो, की किती खोल्या लागतात. इथे थोडं थांबतो, कारण पैसे वाचतात किंवा वाया जातात ते इथेच.

संस्थेच्या ठरावात साधारणपणे 'वाढत्या विद्यार्थीसंख्येमुळे वीस खोल्यांची आवश्यकता' असं काहीतरी असतं. हा आकडा कुठून आला, ते विचारा. नंतर वेळापत्रक घ्या, खोलीवार एक तक्ता करा आणि एक पूर्ण आठवडा प्रत्येक तासाला खोलीत किती मुलं बसली ते शिपायाकडून लिहून घ्या. सकाळी साडेसातला भरणाऱ्या कॉलेजात दुपारी एकनंतर बहुतेक खोल्यांना कुलूप असतं. दुसरं असं की 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे अभ्यासक्रम अशी मुलांची विभागणी झाली. एकशेवीस मुलांच्या मोठ्या वर्गाऐवजी तीस-चाळीस मुलांचे गट एकाच वेळी बसवावे लागतात. म्हणजे तुम्हाला मोठ्या हॉलपेक्षा लहान खोल्या जास्त लागतील. 25 बाय 30 फुटांची खोली साठ मुलांना पुरते. जुन्या दोन लांबलचक हॉलमध्ये मधे भिंत घालून चार चांगल्या खोल्या मिळत असतील, तर ते काम येत्या मेमध्येही होईल.

प्रयोगशाळांचं मात्र तसं नाही. वर्गखोलीची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा करता येत नाही, केली तर ती धोक्याची होते. धूर बाहेर टाकण्याची सोय, आम्लाने न खराब होणारी गटारं, गॅसचे सिलिंडर बाहेर जाळीच्या मोकळ्या कोठीत, दोन दारं आणि वीस मुलांच्या तुकडीला ओट्यांमधून मागे सरकता येईल एवढी जागा, हे सगळं मुळातून आखावं लागतं. म्हणून तुमच्या कॉलेजात पहिला टप्पा म्हणजे प्रयोगशाळा, मुलींची स्वच्छतागृहं आणि ग्रंथालय. वर्गखोल्या दुसऱ्या टप्प्यात. मी तुमच्या जागी असतो तर तीन मजल्यांऐवजी तळमजला आणि एक मजला असा पहिला टप्पा मागितला असता, पाया मात्र तीन मजल्यांचा. आज पायात घातलेली जास्तीची सळई पुढे कामाला येते. मुळात दोन मजल्यांच्या पायावर तिसरा मजला चढवायची वेळ आली, की सगळंच अडतं.

हे जुन्या आरसीसी इमारतीलाही लागू आहे. 'जुन्याच इमारतीवर एक मजला चढवू' ही सूचना बैठकीत हमखास येईल. तुमची ती इमारत 1980 च्या दशकातली आहे. भूकंपात सांधे टिकावेत म्हणून सळया कशा बांधायच्या, याचं स्वतंत्र भारतीय मानक 1993 मध्ये आलं. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, तोही सर्वांत कमी धोक्याच्या समजल्या गेलेल्या भागात. त्याआधीच्या इमारतीवर आजच्या मानकांनी तपासल्याशिवाय वजन वाढवू नये. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करा. छताचा गिलावा सुटून सळई दिसते का, कॉलमला उभ्या चिरा आहेत का, हे तर तुम्हालाही दिसेल. बाकी हातोड्याची आणि ध्वनिलहरींची चाचणी अभियंता करेल.

कौलारू इमारत पाडायची घाई करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मंगलोरी कौलं, सागवानी कैच्या, दीड-दोन फुटी दगडी भिंती असं बांधकाम आज त्या दरात कुणीच करून देणार नाही. तिथे वाळवी लागलेले वासे आणि रीपा बदलायच्या, फुटकी कौलं पावसाआधी बदलायची, पन्हळ नीट करायची आणि भिंतीच्या पायथ्याशी साठणारं पाणी दूर न्यायचं. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत आणि स्लॅबच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत अर्धा-अर्धा तास बसून बघा. कौलांच्या फटीतून तापलेली हवा निघून जाते. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. गावाचा जीव त्या इमारतीत का अडकलाय, याला आठवणींइतकंच हेही कारण आहे.

मैदानाचं काय करायचं? चर्चेने हा प्रश्न सुटत नाही, कारण कागदावरचा चौकोन कुणालाच नीट कळत नाही. तिथे एक साधी गोष्ट करा. क्रिकेटची खेळपट्टी आखायला वापरतात ती चुन्याची फक्की घ्या आणि प्रस्तावित इमारत मैदानावर पूर्ण मापात आखा. बाहेरची रेघ, जिने, दारं, स्वच्छतागृहं, सेप्टिक टँक, सगळं. आठवड्याच्या बाजारादिवशी करा, म्हणजे खेड्यापाड्यांतले पालकही येतील. एका कॉलेजात आम्ही हे केलं. क्रीडाशिक्षक पावलं मोजत चालले आणि वायव्येच्या कोपऱ्यावर थांबले, कारण खो-खोच्या 27 बाय 16 मीटरच्या मैदानातला एक खांब इमारतीच्या आत येत होता. मुली ज्या वाटेने एसटी स्टँडवरून येतात, ती वाट मागच्या भिंतीच्या आडोशात जात होती. त्यांनी ती आपणहून चालून दाखवली. एका जुन्या शिपायांनी पायाने माती उकरून सांगितलं, 'इथं आषाढात पाणी थांबतं साहेब, गुडघाभर.' आम्ही इमारत बारा मीटर पूर्वेला सरकवली आणि मागचं दार पुढे आणलं. चार गोण्या चुना लागला. हाच बदल पाया झाल्यावर करायचा झाला असता, तर करताच आला नसता.

शिपायांचं ते वाक्य जमिनीच्या दृष्टीने फार मोलाचं होतं. पाणी थांबतं म्हणजे बहुधा काळी माती खोल आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पाया असला तर भिंतींना तिरक्या चिरा पाडते. म्हणून अंदाजपत्रकाआधी जागेवर तीन-चार खड्डे घेऊन कठीण मुरूम किती फुटांवर लागतो, ते बघावं. तीन फुटांवर मुरूम आणि बारा फुटांवर मुरूम यांत पायाचा खर्च पार बदलतो. हे न करता आलेलं अंदाजपत्रक समितीने मान्य करू नये.

नकाशात आणखी काय बघायचं, ते भरभर सांगतो. इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची असावी, म्हणजे खिडक्यांतून उत्तरेचा उजेड येतो आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन टळतं. पश्चिमेच्या टोकाला जिना, भांडारघर, स्वच्छतागृह असं ठेवा, कारण तिथली भिंत सर्वांत तापते आणि पावसाचा माराही नैऋत्येकडून येतो. व्हरांडा एका बाजूने उघडा आणि रुंद, निदान सात फूट तरी हवा. तास सुटतो तेव्हा तीनशे मुलं एकदम बाहेर येतात. जिना दीड मीटरपेक्षा अरुंद नको आणि एका टोकाला एकच नको, दोन हवेत. रॅम्पचा चढ 1 ला 12, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट रॅम्प. चित्रात रॅम्प दिसतो, पण त्याची लांबी कुणी मोजत नाही. तुम्ही पट्टी घेऊन मोजा. स्वच्छतागृहात खिडकी, पाणी, कडीची सोय आणि सॅनिटरी पॅडची विल्हेवाट, हे मुलींना विचारून ठरवा, आणि विचारायला शिक्षिकाच असाव्यात. गच्ची गळू नये म्हणून ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) व त्यावर चायना मोझॅक (फरशीचे तुकडे) धरलंय का, तेही बघा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटर गच्ची आणि वर्षाला सहाशे मिलिमीटर पाऊस धरला, तर तीन लाख लिटर होतात. वाया जाणारं वजा करून सव्वादोन-अडीच लाख लिटर कूपनलिकेत मुरवता येतं. दुष्काळी पट्ट्यात हे पाईप पहिल्या दिवसापासून नकाशात हवेत.

पैशांबद्दल. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर केलंय का, ते विचारा. त्यात 18 टक्के जीएसटी, 1 टक्का कामगार कल्याण उपकर, वास्तुविशारद व अभियंत्याची फी, वीज, फर्निचर, अग्निशमन आणि कुंपण आहे का, ते पाहा. यातलं निम्मं बहुतेक वेळा धरलेलं नसतं आणि शेवटी फर्निचरला पैसे उरत नाहीत. सरकारी योजनेतून पैसे येणार असतील, तर नवं बांधकाम, दुरुस्ती आणि साहित्य यांचे शीर्ष वेगळे असतात. एकाचे पैसे दुसऱ्याला वापरता येत नाहीत. 'पीएम-उषा' या केंद्राच्या उच्च शिक्षणाच्या योजनेतून मिळेल, असं कुणी सांगितलं तर मंजुरीपत्र हातात येईपर्यंत तो आकडा जमेत धरू नका.

देणग्या घ्या, मोकळेपणाने मागा. रयत शिक्षण संस्था 1919 पासून लोकांच्या धान्यावर, श्रमावर आणि पैशावर उभी राहिली, आणि सातारचं छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 मध्ये निघालं तेव्हा 'कमवा आणि शिका' ही त्याची रीतच होती. आपल्या भागातल्या माणसाला कॉलेजला देणं परकं नाही. पण दिलेला रुपया कुठे गेला, हे त्याला कळायला हवं. दोन हजारांवर रोख दिलेल्या देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्या आणि पावती त्याच दिवशी द्या. ग्रंथालयासाठी म्हणून घेतलेले पैसे ग्रंथालयालाच लावा. प्रवेशाशी जोडून एक रुपयाही घेऊ नका, 1987 पासून त्यावर कायद्याने बंदी आहे. नावाच्या पाट्यांचे नियम देणगी मागण्याआधी ठरवून फलकावर लावा. खोलीला नाव हवं म्हणून खोली वाढली, असं होता कामा नये.

आता बातमी. गेटवरच्या चित्राने माहिती काहीच दिली नाही, म्हणून लोकांनी आपापल्या परीने ती भरून काढली. त्यांना दोष देता येणार नाही. तुम्ही दर महिन्याच्या एक तारखेला एक पानाचं पत्रक काढा. एकच पान, एकाच बाजूने छापलेलं. मराठी विभागाची मुलं भित्तिपत्रिका करतातच, त्यांच्याकडे द्या. प्राचार्यांनी फक्त आकडे तपासावेत. ते सूचना फलकावर, ग्रंथालयात, ग्रामपंचायतीत, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर जाऊ द्या. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली तुमची मुलं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतील.

मजकूर असा असावा, हा नमुना म्हणून लिहितो: 'या महिन्यात पायाचे चौदा खड्डे खोदून झाले. ईशान्येच्या दोन खड्ड्यांत सहा फुटांवर मुरूम लागला नाही, म्हणून ते आणखी खोल नेले. त्यामुळे काम दहा दिवस लांबलं. पुढच्या महिन्यात मागचं गेट बंद राहील, सायकली ग्रंथालयाशेजारी लावाव्यात. परीक्षेच्या दिवसांत सकाळी अकरा ते दुपारी दोन यंत्रं बंद राहतील. महिन्याची जमा, खर्च आणि शिल्लक खाली दिली आहे. शंका असेल तर कार्यालयात मंगळवारी दुपारी तीन ते पाच.' विशेषणं नाहीत, मान्यवरांची यादी नाही. उशीर झाला तर तो कारणासकट लिहायचा. ज्या महिन्यात काहीच घडलं नाही, त्या महिन्यात 'परवानगीची फाईल नगररचना कार्यालयात आहे, काम सुरू नाही' एवढं तरी छापायचंच. पत्रक एक महिना चुकलं, की अफवा पुन्हा सुरू होतात.

आणि त्याच पानावर कॉलेजच्या बाकीच्या बातम्या द्या. एसटीचे पास कोणत्या दिवशी मिळणार, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर कोणत्या गावाला, कोणत्या मुलीची विद्यापीठाच्या कबड्डी संघात निवड झाली, कोणते शिपाई निवृत्त होताहेत, कोणते जुने सर गेले. नुसती बांधकामाची बातमी चार लोक वाचतात. आपल्या माणसांच्या बातम्यांसाठी पान हातात घेतलं, की पायाचे खड्डेही वाचले जातात. बांधकामावर येणाऱ्या मजुरांच्या कुटुंबांसाठी पाणी, शौचालय आणि सावली कुठे केली, तेही त्यात येऊ द्या. ती माणसं वर्षभर तुमच्या आवारात राहणार आहेत.

फीबद्दल एक स्पष्ट वाक्य पहिल्याच पत्रकात छापा. अनुदानित तुकड्यांची फी संस्थेला मनाला येईल तशी वाढवता येत नाही. विज्ञान शाखा विनाअनुदानित असेल तर तिची फी किती आणि कुणी ठरवली, तेही लिहा. संदिग्ध लिहिलंत तर लोक वाईटच अर्थ काढतील.

शेवटी वेळेचं गणित. आपल्याकडे पायाचं काम दिवाळी ते मृग या काळात करायचं. जोतं जूनच्या आधी झालं नाही, तर खड्ड्यांत पाणी भरून कडा ढासळतात. शिवाय एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या गावात स्लॅबला पाणी मारणं अवघड जातं. उन्हात दहा दिवस तरी सतत ओलावा हवा, तेव्हा पाणी कुठून आणणार हे ठेकेदाराकडून करारात लिहून घ्या. काम सुरू झाल्यावर जोते तपासणीचं आणि पूर्ण झाल्यावर भोगवट्याचं, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देणारं, प्रमाणपत्र घ्या. भोगवटा मिळण्याआधी उद्घाटन करून वर्ग भरवू नका. ठेकेदाराच्या बिलातले पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, गळती पहिल्या पावसातच कळते.

तुमची बांधकाम परवानगी डिसेंबरपर्यंत हातात येणार नसेल, तर यंदा पाया खणू नका. या वर्षी मोजणी, फेरफार, मुरुमाचे खड्डे, ऑडिट आणि कौलारू इमारतीची दुरुस्ती एवढं उरका, आणि पुढच्या बैठकीत ठराव तसाच मांडा. गेटवरचं चित्र काढायला लावू नका. त्याच्या शेजारी जागेचा साधा नकाशा, टप्पे आणि आजची स्थिती लिहिलेला कागद लावा. फक्कीची आखणी कोणत्या दिवशी करणार, ती तारीखही त्यावर टाका.